अक्का आणि चिपवरचा उजेड

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात समास शिकवत होते. नंबर अनोळखी होता, साताऱ्याचा. पलीकडचे गृहस्थ स्वतःचं नाव, हुद्दा, कॉलेज असं सगळं सविस्तर सांगत बसले आणि मुख्य गोष्टीवर येईचनात. "मॅडमना जरा अस्वस्थ वाटत होतं... आम्ही लगेच दवाखान्यात हलवलं... तुमच्यापैकी कुणी येऊ शकेल का?" मी विचारलं, "शुद्धीवर आहेत का?" तर म्हणाले, "तुम्ही या तर खरं." त्या 'या तर खरं'मध्येच मला काय ते कळलं. माझ्या नणंदबाई, डॉ. शालन ऐवळे, ज्यांना आम्ही घरात अक्का म्हणायचो, त्या दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षक म्हणून सांगलीहून साताऱ्याला गेल्या होत्या. प्रात्यक्षिक परीक्षा संपली, शेवटच्या गटाचे गुण भरून झाले, आणि तिथल्याच प्रयोगशाळेत खुर्चीवर बसल्या बसल्या त्या गेल्या.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, चांगलं मरण आलं, ना खाटेवर पडल्या, ना कुणाला त्रास दिला. मला ते ऐकवत नाही. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावलं होतं. हृदयाचं दुखणं कळून फार दिवस झाले नव्हते. आणि मुळात ती परीक्षेची पाळी अक्कांची नव्हतीच. ज्यांची होती त्यांच्याकडं वास्तुशांत होती. मग विभागप्रमुखांनी फोन फिरवला तो अक्कांना, कारण अक्का एकट्या, मागं पोरंबाळं नाहीत, म्हणजे 'मोकळ्या'. आयुष्यभर त्यांना सगळ्यांनी मोकळ्याच धरलं. सकाळी हातात डबा देताना मी चिडूनच म्हटलं, "अक्का, एकदा नाही म्हणून सांगायला काय होतं तुम्हाला?" चपला घालता घालता म्हणाल्या, "आगं, पोरांची परीक्षा हाय. पोरांनी काय घोडं मारलंय?" एवढंच. मी दारातून 'सावकाश जावा' असं म्हटलं की नुसतंच मनात म्हटलं, ते आता आठवत नाही.

अक्का नेमकं काय करायच्या, हे सांगलीत फार थोड्या लोकांना माहीत होतं. गल्लीत त्यांना कॉम्प्युटरच्या बाई म्हणायचे आणि कुणाचा प्रिंटर बिघडला की आमच्या दारात आणून ठेवायचे. त्यांचा विषय होता चिपवर उजेडानं चालणारी दळणवळणाची जाळी, आणि ती जाळी आखणारा प्रोग्रॅम लिहिणं. मी मराठीची शिक्षिका. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मी तसं सांगितलंही. अक्कांना ते आवडलं. कळल्यासारखी मान डोलावणाऱ्या माणसांचा त्यांना भयंकर राग होता. एका रविवारी मी मेथी निवडत होते, तर माझ्यासमोर बसकण मारून त्यांनी मला सगळं सांगितलं. एका चिपवर आता अनेक छोटे छोटे संगणक असतात, त्यांना एकमेकांशी सारखं बोलावं लागतं. आजवर ते तांब्याच्या तारांमधून बोलतात. पण बोलणं वाढलं की तारा तापतात, वीज खातात. म्हणून मग निरोप विजेनं न धाडता उजेडानं धाडायचा. त्यासाठी चिपवर केसाहून कितीतरी बारीक अशा वाटा कोरायच्या, त्यांतून उजेड धावतो.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"अडलंय वळणावर," अक्का म्हणाल्या. "वळण आखूड घेतलं की उजेड भाईर सांडतो. मोठं घेतलं तर जागा पुरत न्हाई. आणि दोन तारा एकमेकीवरनं नेता येत्यात तशा ह्या वाटा नेता येत न्हाईत. एकीला दुसरी आडवी गेली की दर चौकात थोडा उजेड चुकीच्या गल्लीत शिरतो. आता अशा शेकड्यानं वाटा. माणसानं हातानं आखाय बसलं तर म्हातारं हुईल. म्हणून कॉम्प्युटरला शिकवायचं, की बाबा, तू आख."

आणि सगळ्यात जास्त दमलेल्या वाटेवर काय होतं, यावर सगळा खेळ. सर्वांत लांबच्या, सर्वांत जास्त वळणं आणि चौक असलेल्या वाटेच्या टोकाशी उजेड वाचता येईल एवढा पोचला पाहिजे. ती एक वाट वाईट निघाली तर तिच्यापायी सुरुवातीलाच जास्त जोराचा उजेड सोडावा लागतो, म्हणजे पुन्हा वीज, पुन्हा ताप, आणि मग तारा काय वाईट होत्या? बाकीचे लोक आधी कागदावर ठरवायचे की कोण कुणाशी कसं जोडायचं. ते कागदावर सुबक दिसायचं. नंतर प्रत्यक्ष चिपवर बसवायला गेलं की त्या छोट्या संगणकांच्या जागा आधीच ठरलेल्या, आणि कागदावर नसलेले चौक जिथं तिथं उगवायचे. अक्कांचं म्हणणं असं, की जोडणी आणि जागा या दोन्हींचा विचार एकदमच करायचा. "मांडव किती मोठा हाय ते बघितल्याबिगर पंगत ठरवता व्हय?" असं त्या मला म्हणाल्या होत्या, आणि मेथीची काडी माझ्या हातातून घेऊन परातीत टाकली होती.

अक्कांचं घराणं, म्हणजे माझं सासर, मूळचं आटपाडीकडचं. पण सासरे कोयनेच्या वीजघरात नोकरीला लागले आणि दोन्ही मुलं कोयनानगरच्या वसाहतीत वाढली. भूकंपानं जमीन हलायची, फळीवरचे डबे वाजायचे, आणि मुलं ताट धरून जेवत राहायची. माझे यजमान विजय, अक्कांचे धाकटे भाऊ, सांगतात की अक्का लहानपणापासून हट्टी. शाळेत भूगोलाच्या बाईंनी नकाशा चुकला म्हणून फाडायला सांगितला, तर अक्का म्हणाल्या, चुकलाय कुठं ते दाखवा, मग फाडते. बाईंना दाखवता आलं नाही. नकाशा फाडला गेला नाही, पण गुणही मिळाले नाहीत. विजय ही गोष्ट कौतुकानं सांगतात. मला मात्र त्यात अक्कांचा पुढचा सगळा जन्म दिसतो. नकाशा बरोबर, गुण नाहीत.

सांगलीत इंजिनिअरिंग झालं, पुढचं शिक्षण बाहेर झालं, मग बंगळूरला एका कंपनीत चिपवरच्या तारा आखणारे प्रोग्रॅम लिहिण्याचं काम लागलं. तिथं त्यांना हेगडे भेटले. बेळगावचे, मराठी बोलणारे, शांत स्वभावाचे सहकारी. दोघांनी मिळून पुष्कळ काम केलं. उजेडाच्या वाटांचं वेड अक्कांना तिथंच लागलं. कंपनीला त्यात रस नव्हता, म्हणून त्या सुट्टीच्या दिवशी त्यावर बसायच्या. अशातच सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. विजय यांची नोकरी फिरतीची, सासूबाई आधीच गेलेल्या, मी तेव्हा या घरात नव्हते. अक्कांनी राजीनामा दिला आणि सांगलीला येऊन एका खाजगी कॉलेजात शिकवायला लागल्या. सासरे पुढं बरीच वर्षं होते. त्यांचं सगळं अक्कांनी केलं. त्याबद्दल त्यांना कधी खंत वाटली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. खंत वाटावी असं जे काही घडलं ते कॉलेजात घडलं.

त्यांचा प्रोग्रॅम सुरू केला की तो कित्येक दिवस सलग चालायचा. लाखो आखण्या करून बघायचा, टाकून द्यायचा, पुन्हा करायचा. कॉलेजनं त्यासाठी त्यांना सेमिनार हॉलच्या शेजारची अर्धी खोली दिली होती. उरलेल्या अर्ध्या खोलीत स्नेहसंमेलनाचे पडदे आणि मोडक्या खुर्च्या. अक्का सकाळी येऊन बघायच्या तर कॉम्प्युटर बंद. कुणीतरी संध्याकाळी जाताना मेन स्विच पाडलेला. दारावर चिठ्ठी लावली, ती निघाली. स्विचवर कागद चिकटवला, तर त्यावरच वीजबचतीचं पत्रक आलं. प्राचार्यांकडं गेल्या, तर ते म्हणाले, "मॅडम, एवढं कसलं गणित असतं हो, जे दिवसभरात होत नाही?" शेवटी अक्कांनी पगारातून कॉम्प्युटर घेतला आणि आमच्या वरच्या खोलीत बसवला. मग आमच्या घराचं सगळं वेळापत्रक त्या यंत्राभोवती फिरायला लागलं. प्रोग्रॅम चालू असला की इस्त्री करायची नाही, मिक्सर लावायचा नाही. आठवड्याच्या ठरलेल्या वारी लाइट जायची, तेव्हा इन्व्हर्टरवर पंखाही चालवायचा नाही. भर एप्रिलात आम्ही घामाघूम बसायचो आणि वर अक्कांचा कॉम्प्युटर स्वतःच्या पंख्याच्या गार वाऱ्यात. मी कुरकुरले की म्हणायच्या, "सुमन, त्यो एक काम करायलाय, तू दोन दीस पाट्यावर वाट की गं." आणि मी वाटायचे. पाटा माझ्या सासूबाईंचा, जड. आजही माझं मनगट दुखतं.

मग ती संधी आली. परदेशातल्या एका संशोधन केंद्रात बऱ्याच विद्यापीठांची डिझाइनं सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर एकत्र करून चिप बनवून देत होते. अक्कांच्या प्रोग्रॅमनं आखलेलं जाळं तिथं घडवून घेता येणार होतं. आजवर सगळं पडद्यावर होतं, आता खऱ्या चिपवर खरा उजेड सोडून बघता आला असता. अक्कांना मी तेव्हा जेवढ्या आनंदात पाहिलं तेवढ्या त्या कधी नव्हत्या. डिझाइन तयार होतं. एकच गोष्ट हवी होती, करारावर कॉलेजची सही. प्राचार्य म्हणाले, परदेशी करार म्हणजे संस्थेच्या कार्यकारिणीपुढं ठेवावा लागेल. कार्यकारिणीची बैठक अध्यक्षांच्या सत्कारामुळं पुढं गेली. पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, यात संस्थेचं नाव मोठ्या अक्षरात येणार का? मग कायदेशीर सल्ला घ्यायचं ठरलं. सल्ला देणारे वकील तीर्थयात्रेला गेले होते. अक्का रोज प्राचार्यांच्या दालनाच्या बाहेर बाकड्यावर जाऊन बसायच्या, हातात फाइल घेऊन. पीएचडी झालेली बाई, बाकड्यावर! एक दिवस मी शाळेतून सुटून तिकडं गेले आणि म्हटलं, "उठा, मी आत जाऊन बोलते." त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "बोलून काय हुईल? त्यांना राग यील, आणि सही आणखी लांबंल. बस गप." सही झाली. मुदत संपल्यावर झाली. वर प्राचार्यांनी अभिनंदनही केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी परदेशातल्या कुणा गटाचा लेख आला. जोडणी आणि जागा एकदम ठरवायची, हाच विचार त्यात होता, जरा वेगळ्या रीतीनं. त्यांनी चोरी केली असं मी म्हणत नाही, अक्काही म्हणाल्या नाहीत. तसा विचार जगात दुसऱ्या कुणालाही सुचू शकतो. पण त्यांच्याकडं चिप घडलेली होती आणि अक्कांकडं बाकड्यावर घालवलेल्या दुपारी होत्या. त्या दिवशी त्या वर गेल्या नाहीत. अंगणात बसून त्यांनी शेंगा फोडल्या, संपल्या तरी टरफलं चाळत राहिल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "त्यांनी बरं केलंय गं काम. निम्मं तर माझ्यापेक्षा चांगलं हाय." मला इतका संताप आला... त्यांच्यावरच! रडा, भांडा, कुणाला तरी शिव्या द्या. पण नाही. या बाईला दुसऱ्याचं काम चांगलं आहे हे सुद्धा त्याच दिवशी दिसायचं होतं.

पुढं हेगडे मदतीला आले. तोवर ते बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत होते. त्यांच्या संस्थेच्या वाट्याला अशाच एका फेरीत थोडी जागा होती, तीत त्यांनी अक्कांचं जाळं बसवायचं ठरवलं. अट अशी, की काम त्या संस्थेच्या नावावर होणार आणि लेखात अक्कांचं नाव सगळ्यांच्या शेवटी येणार. ही गोष्ट फोनवर सांगताना हेगडे स्वतःच ओशाळले होते. घरात यावरून माझं आणि अक्कांचं जोरात वाजलं. मी म्हटलं, "तुमचं डोकं, तुमची वर्षं, आणि नाव शेपटीला?" त्यांनी शांतपणे विचारलं, "आगं, उजेडाला नाव वाचता येतं व्हय?" मी ताट सरकवून उठले. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मग त्याच स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "बघ सुमन, मला फकस्त येवढंच बघायचंय की मी म्हनते तसं हुतंय का न्हाई. नावाचं तू भांडत बस, मी काय नको म्हनत न्हाई." आता मी तेच करते आहे.

चिप तयार होऊन बंगळूरला आली. अक्का मिरजेहून रेल्वेनं गेल्या, विजय सोबत होते. हेगड्यांच्या प्रयोगशाळेत एकेका वाटेत उजेड सोडून दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते मोजायचं होतं. विजय सांगतात, पहिल्या वाटेचा आकडा प्रोग्रॅमच्या भाकिताशी जुळला तेव्हा हेगड्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि अक्का नुसत्या म्हणाल्या, "फुडची घ्या." पुढचीही जुळली. त्याच्या पुढचीही. सगळ्या जुळत गेल्या, एक सोडून. ती एक वाट अगदीच वाईट निघाली. उजेड निम्म्यात कुठंतरी नाहीसा होत होता. खोलीत सगळे हिरमुसले. अक्का मात्र सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. वळणांचा आणि चौकांचा हिशेब प्रोग्रॅमनं चोख ठेवला होता, पण दोन वाटा एकमेकींना चिकटून फार लांबवर शेजारी शेजारी धावल्या तर एकीतला उजेड न छेदताही दुसरीत झिरपतो, याकडं त्यानं दुर्लक्ष केलं होतं. घरी आल्या आल्या मला सांगितलं, "शेजारनीनं भिंतीला कान लावला गं. आनि मी कडी कुठल्या दाराला घालत बसले!" त्या चुकीवर त्या इतक्या खूश होत्या, की मला वाटलं आता यांना दहा वर्षं आयुष्य जास्त मिळालं.

तेव्हापासून त्या तो प्रोग्रॅम दुरुस्त करत होत्या. शेजारच्या वाटांचा विचार घालायचा म्हणजे एखादी ओळ वाढवायची असं नव्हतं, मुळापासून उलथापालथ होती. मधेच छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले विश्रांती. कॉलेज म्हणालं, तपासणी समिती येणार आहे, फाइली पूर्ण करा. अक्कांनी फाइली पूर्ण केल्या, वर्ग घेतले, उरलेल्या वेळात वरच्या खोलीत बसल्या. उरलेला वेळ किती, तर भाकरी करपेपर्यंत. मी खालून हाक मारायची, "अक्का, जेवायला या," आणि वरून आवाज यायचा, "येवढी एक वाट काढते."

आणि मग सातारा.

जलदान विधी झाल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. प्राचार्यांनी भाषणात सांगितलं की मॅडमनी असंख्य विद्यार्थ्यांच्या आयुष्यात प्रकाश आणला. दुसरे म्हणाले, प्रकाशाची वाट दाखवणारा दीप विझला. तिसरे म्हणाले, प्रकाश हाच त्यांचा ध्यास होता. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्यालाच सुचलंय. एकानंही ती वाट किती रुंद असते, तिचं काय करायचं असतं, हे विचारलं नव्हतं, बाई जिवंत असताना. बाहेर फाटकावर फ्लेक्स लागला होता, 'आमच्या संस्थेचा अभिमान', फोटोखाली नाव 'शालीनी ऐवळे'. विजय मला म्हणाले, "चल, काही बोलू नको." मी बोलले नाही. घरी येऊन बोलले, त्यांनाच, आणि त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. त्यांची सख्खी बहीण गेली होती आणि आरडाओरडा मी करत होते... पण कुणीतरी करायला हवा होता.

आठवड्यानं कॉलेजातून अक्कांचं सामान आणायला गेलो. सामान म्हणजे एक शाल, काही पुस्तकं आणि पाण्याची बाटली, खोक्यात भरून ठेवलेली. मी विचारलं, "त्यांच्या कॉम्प्युटरमधलं काम?" लिपिक म्हणाले, "ती मशीन साफ करून प्रवेशप्रक्रियेला दिली मॅडम. वरून आदेश होता. काही महत्त्वाचं होतं का?" त्यांचा काही दोष नव्हता, त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नाही. काही नाही," आणि खोकं उचललं.

पण घरचा कॉम्प्युटर होता. त्याला हात लावायची आमची छाती नव्हती. विजय यांनी हेगड्यांना कळवलं आणि ते बेळगावला घरी आलेले होते, तिथून सकाळच्या गाडीनं आले. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "वैनी, काय बोलायचं की ओ..." चहासुद्धा न घेता वर गेले. विजय आणि मी त्यांच्यामागं उभे. अक्कांचा प्रोग्रॅम त्यांनी शोधून काढला, सगळ्यात नवी प्रत, आणि सुरू केला. पडद्यावर बारीक रेघा उमटायला लागल्या आणि खाली एका पट्टीत अक्षरं सरकायला लागली. देवनागरी अक्षरं. हेगडे चष्मा वर करून वाचायला लागले आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

पट्टीत लिहून येत होतं, 'लय चौक झालं. दुसरीकडनं बघते.' मग, 'हितं वळाय जागा न्हाई.' मग थोडा वेळ काही नाही. मग, 'शेजारीण लय जवळ आली. सरक.'

हे सगळं अक्कांनी लिहून ठेवलं होतं. बाकीचे इंग्रजीत लिहितात तसे प्रोग्रॅमचे निरोप, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे, एकटीनं बसून काम करताना स्वतःलाच वाचायला. विजय खाली बसले. मला हसू यायला लागलं आणि थांबेना. रेघा येत होत्या, पुसल्या जात होत्या, पुन्हा येत होत्या, आणि ती पट्टी अक्कांच्या आवाजात बोलत होती. असं बराच वेळ चाललं. मग सगळं थांबलं आणि एकच ओळ राहिली, 'ह्याच्या फुडचं लिवायचं ऱ्हायलंय.'

हेगड्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बरोबर हाय. दुरुस्ती अर्धीच हाय. वाटा एकमेकींपास्नं लांब करायच्या कशा हे बाईंनी लिवलंय, पण लांब केल्यावर चौक वाढतात, मग काय सोडायचं आणि काय धरायचं, ते न्हाई लिवलेलं. ते मला लिवावं लागंल. येतंय का बघतो." प्रत घेऊन ते दुपारच्या गाडीनं परत गेले.

मधे एकदा त्यांचा फोन आला. त्यांच्या संस्थेतली मुलं या कामाला बसली होती, पण ती तमिळ, बंगाली, उत्तरेकडची. पट्टीतलं काही कळत नव्हतं. "वैनी, ते निरोप इंग्रजीत करू का? मुलं विचारायलीत." खरं म्हणजे ते साधं कामाचं विचारत होते. पण माझ्या मनातलं सगळं, बाकडं, वकील, फ्लेक्स, वास्तुशांत, त्या गरीब माणसावर निघालं. "या बाईचं नाव शेवटी टाकलंत. खोली अर्धी दिली, मशीन पुसली, नावसुद्धा चुकवलं. आता तिचं बोलणं पण काढून टाका!" मग हेगडे म्हणाले, "नव्या लेखात नाव मी पयलं टाकायला लावलंय वैनी. भांडलो मी. तेच सांगायला फोन केलेला, पण तुमी..." मी खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी प्रत्येक निरोपाचा अर्थ मला विचारून लिहून घेतला, 'सरक' म्हणजे काय इथपासून, मुलांना शिकवायला.

परवा दुपारी मी वह्या तपासत होते. हेगड्यांचा फोन. मागं कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. "वैनी," ते म्हणाले, "प्रोग्रॅम थांबला न्हाई ह्या टायमाला. सगळ्या वाटा काढल्या, ती वाईट वाट पण. आणि शेवटी एक नवीन निरोप आला. बाईंनी आधीच लिवून ठेवलेला, आमी आजवर तिथपतोर पोचलोच नव्हतो. ऐका. 'गावली एकदाची.' ह्याचा अर्थ तुमीच सांगा, मुलं थांबलीत."

मी सांगितला, खूप शोधल्यावर सापडली. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा बरा निघाला. फोन ठेवला तेव्हा विजय बाजारातून आले होते, हातात भाजीची पिशवी. त्यांना सांगितलं.

"कवा?" त्यांनी विचारलं. अक्का असताना ते घरात असंच बोलायचे, नंतर कमी झालं होतं.

"आत्ता."

पिशवी त्यांनी कट्ट्यावर ठेवली आणि तिथंच उभे राहिले. सहीला तेवढा वेळ लागला नसता, तर हेच वाक्य अक्कांनी स्वतः वाचलं असतं. मी आधण ठेवलं. डॉक्टरांनी बंदी घातल्यावरही अक्का चहात साखर घालून घ्यायच्या, आणि मी कमी घातली की कप तसाच परत पाठवायच्या. माझा हात त्याच मापानं डब्यात गेला आणि त्याच मापानं बाहेर आला. विजय यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"लय ग्वाड झालाय," म्हणाले. आणि सगळा प्याले.